दुर्मीळ आनुवंशिक विकार : निदानाची दिरंगाई आणि उपचाराची किंमत

दुर्मीळ आनुवंशिक विकारांचा विषय आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा एखाद्या प्रचंड आकड्याच्या रूपाने अवतरतो. २०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी सोळा कोटी रुपये किमतीचे एक इंजेक्शन परदेशातून आणावे लागले, तेव्हा हजारो अनोळखी माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली, केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींची जकात व कर माफ केला, आणि महाराष्ट्रात घरोघरी त्या आकड्याची चर्चा झाली. त्या औदार्याविषयी कोणाच्याही मनात आदरच असेल. परंतु या प्रश्नाचा साकल्याने विचार करू लागले की असे दिसते, की महागड्या औषधांना पैसा पुरत नाही हे आपले दुःख खरे असले, तरी ज्या विकारांना साधे पथ्य, एखादे जीवनसत्त्व किंवा स्वस्त गोळ्या पुरतात, ते विकारही वेळेवर न ओळखले गेल्याने मुले जन्मभराची अधू होतात किंवा दगावतात, हे त्याहून मोठे दुःख आहे. आणि त्याची वार्ता कोठेही छापून येत नाही, कारण त्या मुलांच्या विकाराला कोणी नावच दिलेले नसते.

दुर्मीळ कशाला म्हणावे, याविषयी देशोदेशींचे दंडक निराळे आहेत. अमेरिकेत दोन लाखांहून कमी लोकांना होणारा, युरोपात दोन हजारांत एकापेक्षा अधिक न आढळणारा, अशी व्याख्या कायद्याने केलेली आहे; आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाने मात्र अशी संख्या ठरविली नाही, कारण ती ठरविण्यास लागणारी नोंदच देशात झालेली नव्हती. आजवर सहा हजारांहून अधिक दुर्मीळ विकार ज्ञात झाले असून त्यांतील दहांपैकी सुमारे सात आनुवंशिक आहेत, आणि शंभरांपैकी जेमतेम पाचांवर मान्यताप्राप्त औषध आहे, असे सामान्यतः मानले जाते. या अखेरच्या आकड्यावरून पुष्कळ जण, डॉक्टरसुद्धा, असा निष्कर्ष काढतात की निदान करून तरी काय उपयोग? या निष्कर्षात दोन चुका आहेत. त्या पाचांत कोणाचा समावेश होतो हे निदानाशिवाय कळत नाही, ही पहिली. आणि औषध नसलेल्या पंचाण्णवांतही निदानाने घरातील पुढच्या मुलाचे भवितव्य बदलू शकते, हे विसरले जाते, ही दुसरी.

या शास्त्राचा आरंभ एका अगदी साध्या निरीक्षणातून झाला. ज्यांचे लघवीने भिजलेले दुपटे हवेत राहिल्यावर काळे पडते, अशा मुलांचा अभ्यास करताना लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांच्या ध्यानात आले की त्यांतील बरीच मुले सख्ख्या चुलत-मावस-आतेभावंडांच्या विवाहातून जन्मलेली आहेत. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले होते, आणि १९०२ मध्ये गॅरॉड यांनी अल्काप्टोन्यूरिया या विकाराला तेच नियम लावून दाखविले. शरीरातील एखादी रासायनिक पायरी जन्मतःच तुटलेली असू शकते, आणि ती तुटणे आईबापांकडून वारशाने येते, हा विचार त्यांनी पुढे १९०९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. तो काळाच्या इतका पुढे होता, की एक पिढीभर वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

दखल घेण्यास भाग पाडले ते एका नॉर्वेजियन मातेने. तिची दोन्ही मुले बुद्धीने मागे पडली होती, दोघांच्याही लघवीला एक विचित्र कुबट वास येई, आणि या दोन गोष्टींचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न घेऊन ती वर्षानुवर्षे वैद्यांचे उंबरठे झिजवीत होती. १९३४ साली ॲस्ब्यॉर्न फोलिंग यांनी तो प्रश्न झटकून न टाकता त्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. तांबूस-तपकिरी राहावयाचे ते मिश्रण हिरवे झाले. त्या हिरव्या रंगाचा माग काढीत त्यांनी ज्या विकाराचा शोध लावला, त्याला आज फेनिलकीटोन्यूरिया म्हणतात : अन्नातील फेनिलॅलनिन हे द्रव्य शरीराला पचविता येत नाही आणि साचून ते वाढत्या मेंदूचा नाश करते. १९५० च्या दशकाच्या आरंभी बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुसऱ्या एका मातेच्या हट्टामुळेच, तिच्या मुलीसाठी हे द्रव्य काढून टाकलेला आहार तयार केला. जिला आधाराशिवाय बसताही येत नव्हते ती मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली. परंतु मेंदूचे जे नुकसान आधीच झाले होते ते भरून आले नाही. येथे या साऱ्या विषयाचे मर्म प्रथमच उघड झाले. उपचार हाती आला होता. त्याला विकार बाहेर दिसण्याच्या आधीच्या निदानाची जोड हवी होती.

ती जोड अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या सुमारास एका जाड टीपकागदाने दिली, आणि त्याचे थोडे बारकाईने वर्णन केले पाहिजे, कारण वैद्यकाच्या इतिहासात इतक्या स्वल्प खर्चात इतके मोठे काम क्वचितच झाले असेल. जन्मानंतर चोवीस ते बहात्तर तासांच्या आत बाळाची टाच कोमट फडक्याने शेकून, टाचेच्या मधोमध नव्हे तर कडेला, एक बारीक टोचणी देतात. पहिला थेंब पुसून टाकतात. पुढचे थेंब कागदावर छापलेल्या वर्तुळांत असे पडू देतात की रक्त कागदाच्या मागील बाजूपर्यंत झिरपावे. वर्तुळांना बोट लागू न देता तो कागद उन्हापासून दूर, आडवा ठेवून तीन-चार तास वाळवितात आणि लखोट्यात घालून टपालाने धाडतात. बर्फ नको, मोटार नको, तज्ज्ञ नको. नीट शिकविलेली परिचारिका पुरे. पुढे १९९० च्या दशकात आलेल्या वस्तुमान-वर्णपट यंत्रांमुळे त्याच एका डागातून डझनावारी विकार एकाच वेळी तपासता येऊ लागले, आणि आज कित्येक देशांत ही तपासणी जन्माच्या दाखल्याइतकीच नेमाची झाली आहे.

आपल्याकडे असे होऊ शकले नाही. गोव्याने २००८ मध्ये राज्यभरातील नवजात बालकांची अशी विस्तृत तपासणी सुरू करून वाट दाखविली होती, आणि केरळाने काही मोजक्या विकारांपुरता हा उपक्रम चालविला. परंतु देशव्यापी, कायम स्वरूपाची योजना आजही उभी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून झाला, आणि जन्मजात व्यंगे व विकासातील विलंब शोधण्याचे त्याचे काम मोलाचे आहे. मात्र डोळ्यांना दिसते ते शोधणे वेगळे आणि रक्तात दडलेले शोधणे वेगळे. अडचण केवळ पैशाची आहे असेही नाही. बाळंतीण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते. पहिले बाळंतपण माहेरी, बारसे झाल्यावर मूल सासरी. कागदावर लिहिलेला पत्ता एक, दूरध्वनीचा क्रमांक बापाचा आणि तो कामावर तिसऱ्याच गावी. प्रयोगशाळेने संशयित ठरविलेले मूल आठवड्याच्या आत हुडकून काढणे, हे या योजनेतील सर्वांत कठीण काम आहे, आणि ते रसायनशास्त्राचे नसून आशाताईंचे, उपकेंद्राच्या परिचारिकेचे व जिल्हा कचेरीच्या दफ्तराचे काम आहे. आपल्या आरोग्यखात्याने लसीकरणात हे करून दाखविले आहे, तेव्हा ते अशक्य असल्याचा युक्तिवाद पटण्यासारखा नाही.

तपासणी नसली म्हणजे काय होते? मूल उशिरा मान धरते. घरातील वडीलधारी सांगतात, 'याचा बापही उशिराच बोलू लागला होता.' मग अंगारे-धुपारे, देवऋषी, टॉनिके. पुढे तालुक्याचा डॉक्टर, जिल्ह्याचा तज्ज्ञ, पुण्या-मुंबईची रुग्णालये. या वणवणीत जी वर्षे जातात त्यांची किंमत दोन विकारांवरून कळेल. बायोटिनिडेज या पाचकद्रव्याची उणीव असलेल्या मुलाला झटके येतात, केस गळतात, हळूहळू श्रवण व दृष्टी जाते. उपाय म्हणजे बायोटिन हे साधे जीवनसत्त्व रोज काही मिलिग्रॅम, जन्मभर. पहिल्या आठवड्यांत दिले तर ते मूल इतरांसारखे वाढते. श्रवण गेल्यावर दिले तर गेलेले श्रवण सहसा परत येत नाही. दुसरा विल्सनचा विकार. त्यात यकृतात व मेंदूत तांबे साचत जाते, आणि तोपर्यंत चांगल्या चाललेल्या शाळकरी मुलाचे अक्षर बिघडते, बोलणे जड होते, स्वभाव चिडका होतो. शिक्षक आळस म्हणतात, शेजारी बाहेरची बाधा म्हणतात, कधी मानसोपचारही सुरू होतात. डोळ्याच्या बुबुळाभोवती उमटलेले तपकिरी-हिरवट कडे नेत्रतज्ज्ञाने दिव्याखाली पाहिले असते, तर उलगडा पाच मिनिटांत झाला असता. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्येच वापरात आणले आहे.

जनुकीय तपासणीने निदानाच्या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत जी क्रांती केली, तिचे महत्त्व निर्विवाद आहे. मानवी जनुकसंचयाच्या वाचनाचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला. २०१० च्या सुमारास प्रथिने घडविणारा सारा भाग, म्हणजे संपूर्ण संचयाचा अवघा एक ते दोन टक्के हिस्सा, एकदम वाचून विकाराचे कारण शोधणे शक्य झाले, आणि ज्ञात विकारजनक बदलांपैकी बहुतेक याच हिश्शात असल्याने ही पद्धत झपाट्याने रूढ झाली. परंतु वाचन आणि अर्थ लावणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रत्येक माणसात प्रमाणपाठाहून निराळे असे हजारो बदल असतात, त्यांतील बहुतेक निरुपद्रवी. म्हणून २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक नियमांनी त्यांची निरुपद्रवीपासून विकारजनकपर्यंत पाच श्रेणींत वर्गवारी केली. त्यांतील मधली श्रेणी 'अर्थ अनिश्चित' अशी आहे, आणि आपल्याकडील कुटुंबांच्या पदरी वारंवार पडते ती हीच. याचे एक कारण असे, की तुलनेसाठी वापरले जाणारे संग्रह प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्याकडे सर्रास आढळणारा बदल त्या संग्रहात नसला तर तो विनाकारण संशयास्पद ठरतो. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचयाची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली, ही म्हणूनच मोठ्या समाधानाची घटना आहे.

आपल्या समाजरचनेचाही येथे विचार केला पाहिजे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या महाराष्ट्रातील चालीची चिकित्सा केली आहे. त्याच सुमारास मुंबईत ल. द. संघवी आणि वसंत खानोलकर यांनी सहा अंतर्विवाही समूहांतील रक्तगटादी लक्षणांची तुलना करून प्रत्येक समूहाचा जनुकीय साचा वेगळा असल्याचे दाखविले होते. परळच्या केईएम रुग्णालयात १९५२ मध्ये य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना जो अतिदुर्मीळ रक्तगट सापडला, तो आज जगभर 'बाँबे' याच नावाने ओळखला जातो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूह तपासले, तेव्हा त्यांतील ८१ समूहांचे मूळ फिनलंडच्या किंवा पूर्व युरोपातील ज्यू समाजांहूनही थोड्या पूर्वजांत असल्याचे दिसले. सोप्या शब्दांत सांगावयाचे, तर वधूवरांचे नाते कोणाच्याही आठवणीत नसले तरी ते दोघे एकाच दूरच्या पूर्वजाकडून आलेला तोच सदोष बदल बाळगून असू शकतात. ज्या दोन समाजांचा येथे तुलनेसाठी उल्लेख झाला, त्यांनी आपापले विकार निश्चित करून त्यांच्या तपासण्या केव्हाच उभारल्या. आपल्याकडे ते काम बहुतांशी व्हावयाचे आहे.

आनुवंशिकी समुपदेशकाच्या टेबलावर या साऱ्या विद्येचा कस लागतो. चौकोन पुरुषांसाठी, वर्तुळे स्त्रियांसाठी, बाधितांसाठी भरीव खूण, असा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढता काढता घरातील लपविलेली दुःखे बाहेर येतात : आत्याची दोन मुले 'तापाने' गेली, मावशीचा मुलगा दहाव्या वर्षी चालेनासा झाला. आईबाप दोघेही वाहक असतील तर मूल बाधित होण्याचा संभव चारांत एक असतो, हे ऐकताच पुष्कळांना वाटते, की एकदा असे झाले म्हणजे पुढची तीन निर्धोक. त्यांना हे समजवावे लागते, की प्रत्येक गरोदरपणात त्याच चार चिठ्ठ्या पुन्हा नव्याने टाकल्या जातात. ड्यूशेन स्नायुक्षयासारख्या, आईकडून मुलाकडे येणाऱ्या विकारांत तर सारा बोल स्त्रीवर येतो, तिचे माहेर 'कुजके' ठरते, कधी संसार मोडतो. आणि हे सारे त्या स्थितीत, की जेथे सुमारे एक-तृतीयांश मुलांत तो बदल नव्यानेच उद्भवलेला असतो, आई वाहकही नसते. हे एक वाक्य धीराने, सासूच्या समक्ष सांगणारा माणूस रुग्णालयात असणे, हा उपचारच आहे. वैद्यकीय आनुवंशिकीचे शिक्षण देणाऱ्या संस्था देशात थोड्या आहेत. लखनौच्या संजय गांधी संस्थेत डॉ. शुभा फडके यांनी या शाखेत विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या, तसे कार्य आणखी अनेक ठिकाणी झाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट फार क्वचित बोलली जाते. मूल हाती लागत नाही असे दिसू लागले, की सारे हात टेकतात आणि तपासण्या थांबवितात. मूल गेल्यावर निदानाचे काय, असे सर्वांनाच वाटते. तथापि पुढच्या गरोदरपणात दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश काढून गर्भ तपासावयाचा, तर नेमका कोणता बदल शोधावयाचा हे आधी ठाऊक असावे लागते. त्या मुलाच्या रक्ताचे चार थेंब टीपकागदावर जपले असतील तर ते पुढे उपयोगी पडतात, नसतील तर कुटुंब पुन्हा अंधारात चाचपडते. गर्भजल व गर्भपेशींच्या तपासणीचा लिंगनिवडीसाठी दुरुपयोग होऊ लागल्यावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांआधी त्यावर कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राने. ते निर्बंध अत्यावश्यकच होते. त्याच कायद्याने आनुवंशिक विकारांसाठी तपासणीचा मार्ग मोकळा ठेवला आहे, हे मात्र खेड्यापाड्यांतल्या जोडप्यांपर्यंत पोहोचलेले नाही.

उपचारांच्या किमतीकडे आता वळू. गोशे विकारात मेदद्रव्य विघटित करणारे जे द्रव्य कमी असते, ते अमेरिकेचे रॉस्को ब्रॅडी यांनी १९६५ मध्ये ओळखले आणि पुढे मानवी वारेतून वेगळे केले. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी हजारो वारा लागत. १९९१ मध्ये त्याला मान्यता मिळाली, लवकरच ते पेशीसंवर्धनाने बनू लागले, आणि यकृत-प्लीहेने फुगलेली पोटे ओसरू लागली. अमेरिकेच्या १९८३ च्या कायद्याने दुर्मीळ विकारांची औषधे बनविणाऱ्यांना सात वर्षांची मक्तेदारी व करसवलत दिली. त्यापूर्वी अशी औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येत, नंतर ती शेकड्यांनी आली. परंतु ज्या सवलतीने औषध जन्मले तिनेच त्याची किंमत आकाशाला भिडविली. दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०१४ मध्ये एका रिक्षाचालकाच्या गोशेग्रस्त मुलाचा दावा आला, तेव्हा शासनाने पैशाअभावी अशा मुलास वाऱ्यावर सोडावे काय, हा प्रश्न प्रथमच इतक्या स्पष्टपणे विचारला गेला.

२०२१ च्या धोरणाने विकारांचे तीन गट पाडले, मुंबईच्या केईएमसह काही उत्कृष्टता केंद्रे नेमली, आणि २०२२ मध्ये प्रत्येक रुग्णामागे मदतीची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढविली. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण तिसऱ्या गटातील विकारांना औषध जन्मभर लागते, त्याची मात्रा वजनावर ठरते, म्हणजे मूल जसजसे वाढेल तसतसा खर्च वाढतो. पन्नास लाख संपले की औषध थांबते आणि ओसरलेला विकार परततो. एकदाच द्यावयाच्या उपचाराला शोभणारी मर्यादा आयुष्यभराच्या उपचाराला लावणे, हा या धोरणातील मोठा दोष आहे आणि तो दुरुस्त झालाच पाहिजे. देशी उत्पादनाने काय होऊ शकते हेही आपण पाहिले आहे. टायरोसिनेमिया या यकृतनाशक विकारावरील निटिसिनोनचा वार्षिक खर्च सुमारे दोन कोटी वीस लाखांवरून अडीच लाखांवर आल्याचे केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले. हेच निटिसिनोन २०२० मध्ये युरोपात अल्काप्टोन्यूरियासाठी मान्य झाले. गॅरॉड यांच्या निबंधानंतर ११८ वर्षांनी.

मेरुरज्जूजन्य स्नायुशोष या विकारात एक जनुक नसल्याने स्नायूंना हलविणाऱ्या चेतापेशी मरतात; नवे जनुक पोहोचविणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. मुंबईच्या त्या मुलीला दिले गेले ते हेच. मेलेली चेतापेशी मात्र कोणतेही औषध जिवंत करीत नाही, म्हणून लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार मिळालेली मुले बसू-चालू लागतात, उशिरा मिळालेली जेमतेम तग धरतात. याचा अर्थ असा, की २०१९ मध्ये जगातील सर्वांत महाग ठरलेल्या औषधाचा मोबदलाही टाचेतल्या त्या थेंबावर अवलंबून आहे.

२०२५ साली फिलाडेल्फियात एका बालकासाठी, केवळ त्याच्या एकट्याच्या जनुकातील चूक दुरुस्त करणारे औषध सहा महिन्यांत घडवून देण्यात आले. त्याचे यकृत अमोनियाचा निचरा करू शकत नव्हते, आणि हा विकार दहा लाखांतून एखाद्यालाच होतो. डॉक्टर किरण मुसुनुरू आणि रेबेका आरेन्स-निक्लस यांच्या या पराक्रमाने सारे जग थक्क झाले. तथापि जन्मानंतर मूल सुस्तावताच रक्तातील अमोनिया मोजला गेला नसता, तर त्या औषधाची वेळच आली नसती. हे रक्त बर्फात ठेवून काही मिनिटांतच यंत्रापर्यंत न्यावे लागते. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दूध ओढेनासे झालेले बाळ बहुधा जंतुसंसर्गाचे समजून प्रतिजैविकांवर ठेवले जाते, आणि अनेकदा तो संसर्गच असतो. पण जेव्हा नसतो, तेव्हा ते वेगळेपण दाखविणारी दुसरी चाचणी तेथे नसते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात अमोनियाची चाचणी रात्री-अपरात्रीही व्हावी, प्रत्येक प्रसूतिगृहात टीपकागदाची तजवीज असावी आणि प्रत्येक महसुली विभागाच्या ठिकाणी किमान एक आनुवंशिकी समुपदेशक पगारी नोकरीवर असावा, एवढी तरतूद राज्याच्या अंदाजपत्रकात सहज बसण्यासारखी आहे, आणि दुर्मीळ विकारांसाठी यापुढे जो पैसा मंजूर होईल त्यावर पहिला हक्क तिचा आहे.